फिल इन फॉर

कोपरखैरण्यात, सेक्टर आठला,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
कुरियन सर इंग्रजी शिकवतात, सोम-बुध-शुक्र.
आज फळ्यावर तीन शब्द: फिल, इन, फॉर.

फिल म्हणजे भरणे. ते मला येतं,
पाणीखात्यात दिवसभर टँकरच्या पावत्याच भरते.
इन म्हणजे आत. फॉर म्हणजे साठी.
भरणे, आत, साठी.
म्हटलं, सर, हे हंड्याचं काहीतरी दिसतंय.

सर म्हणाले, सुटे वाचू नका,
हे तिघं एका ताटात जेवतात.
तुमच्या मराठीत नाही का, 'बोलून बसले' म्हणता,
कोण बसतं तिथं, आणि कशावर?
खरंच की. आपण 'विसरून गेले' म्हणतो
आणि जागचं कुणी हलत नाही.

मग अर्थ सांगितला:
एखादा रजेवर गेला की त्याच्या खुर्चीत
दुसऱ्यानं बसायचं,
तो येईपर्यंत.

तो येईपर्यंत,
एवढं वहीत उतरवलं आणि पेन अडलं.
यांची खुर्ची मला मिळाली त्याला चार वर्षं होतील.
कागदावर 'अनुकंपा' लिहिलंय.
खुर्चीची उशी अजून यांच्याच बाजूला कललेली,
ड्रॉवरमध्ये नळाचे दोन वायसर, खडीसाखरेची पुडी.
शिपाई विचारतो, टाकून देऊ?
मी म्हणते, असू दे, लागतील.

सरांना विचारलं, आणि तो आलाच नाही तर?
ते डस्टर हातात घेऊन उभे राहिले.
मग वेगळा शब्द लागतो, म्हणाले. टेक ओव्हर.
ताबा घेणे.
सिडकोनं सासऱ्यांच्या खाचरांचा घेतला, तसा?
नको, म्हटलं. आधीचाच बरा.

गृहपाठ: रिकामी जागा भरा.
आय ॲम फिलिंग इन फॉर,
पुढे टिंबं. तिथं नाव घालायचं.

उखाण्याबाहेर मी हे नाव कधी घेतलं नाही.
नोकरीच्या अर्जावरही 'मयत'च्या पुढे
दिरांनीच लिहिलं होतं.
रात्री पोरगी झोपल्यावर
ओट्यावर वही ठेवून, उभ्यानंच,
एकेक इंग्रजी अक्षर लावत गेले:
हरेश्वर.
नऊ अक्षरं झाली.
सरांनी टिंबं सातच दिली होती,
दोन समासात गेली.
बघू, काय म्हणतात.