पुकारा

कोर्टाच्या दारात उभी राहून मी नाव तीनदा पुकारते.
एकदा बाकांकडे बघून,
एकदा जिन्याकडे,
तिसऱ्यांदा काचेपलीकडच्या पार्किंगकडे, जिथे बर्फाचे ढीग लोटून ठेवलेत
आणि कुठल्याच गाडीतून कोणी उतरत नाही.
वेस्टन कार्हू.
मग आत येऊन सांगते: गैरहजर.
सव्वीस वर्षं सांगतेय. घसा अजून बसलेला नाही.

पहिल्या खेपेला आला होता तो. सतरा वर्षांचा,
बापाचा कोट, बाह्या बोटांच्या टोकापर्यंत.
गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचं खोपट, चौघं पोरं, बिअरचे बारा कॅन,
त्यातला एक याच्या हातात, अर्धा.
न्यायाधीश ब्रँडवॉल्ड म्हणाले, दंड, आणि चार शनिवार दारूबंदीचा वर्ग.
'हो सर' म्हणताना त्याला उचकी लागली.
सगळे हसले. मीही.

दुसऱ्या खेपेला लायसन्स गेलं.
फाइलमध्ये ते एका ओळीत मावतं.
फाइलमध्ये हे नाही, की त्याचं घर इथून अडतीस मैल,
बस फक्त मंगळवारी, तीही म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारी,
आणि आई, डीना, पहाटे चारला मासळीच्या कारखान्यात कामाला लागते.
तिसऱ्या खटल्याची तारीख होती गुरुवार, सकाळी साडेआठ.

नोटीस परत आली, एक कोपरा भिजलेला:
या पत्त्यावर राहत नाही.
मी दुसरी पाठवली. त्याच पत्त्यावर.
माझ्याकडे दुसरा नव्हता.

वॉरंट मीच टाइप करते. सही साहेबांची, स्पेलिंगची जबाबदारी माझी.
दंडाच्या पाठीवर दंड बसतो, न आल्याचा वेगळा,
उशिराचा त्याहून वेगळा.
व्याज म्हणायचं नाही त्याला. शुल्क म्हणायचं.

आता हे मी कोणाला सांगितलेलं नाही.
नोव्हेंबरात पेट्रोल पंपाच्या दुकानात तो माझ्यापुढे होता,
दाढी फुटलेली, हातमोजे फाटलेले.
त्याने ओळखलं मला. दार धरून ठेवलं,
वारा आत येत होता तरी.
तेवढंच बोलायचं होतं: सोमवारी ये, आपणहून,
मी नाव यादीत वर घालते, साहेब वॉरंट मागे घेतात, घेतात रे.
एका श्वासाचं वाक्य.
मी थँक यू म्हटलं
आणि दुधाचा कॅन छातीशी धरून गाडीकडे गेले.

मार्चमध्ये सापडला. मागचा दिवा फुटका होता.
नळीत फुंकायला लावलं, आकडा शून्य आला,
मग शिपायाने स्क्रीनवर नाव टाकलं.

आज त्याला आणलंय, नारिंगी कपड्यांत. या बाह्या मात्र बेताच्या.
मी फाइल उघडते, आणि जन्मतारखेच्या रकान्यात
आजचीच तारीख.
एकवीस.
आजपासून कोपऱ्यावरच्या दुकानात
ओळखपत्र दाखवून तो हवी ती बाटली घेऊ शकतो,
सुटला की. पैसे भरले की.
साहेबांना हे सांगावं का, कळेना. त्या रकान्याकडे कोणी बघत नाही.

मी नाव पुकारलं. सवयीने, जिन्याकडे मान वळवून.
माझ्यापासून दोन हातांवर, खालच्या आवाजात
तो म्हणाला, आहे.
उरलेल्या दोन हाका
तोंडात तशाच धरून
मी उभी.