कापणीची तारीख

चोपड्याच्या बसस्टँडमागे, चपलांच्या दुकानावर,
कठडा तेलकट असलेल्या जिन्याने वर गेलो.
सलाबत तडवीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला
तर तो एका कोपऱ्यावर डुगडुगला.
"पोट फुगलंय याचं," सलाबत म्हणाला,
नखाने दोन खिट्या सरकवल्या
आणि बॅटरी वाळूच्या डब्यात निजवली
हलक्या हाताने, पाडाला आलेलं फळ ठेवावं तशी.

"किती वेळ चालायची?"
सात मिनिटं.

सात मिनिटांत चाळीसेक घड लिहून होतात.
गाडीत सहाशे चढतात.
आणि केळीच्या बागेला भिंत नसते,
भिंतच नाही तिथे सॉकेट कुठून आणू?

त्याने तीन खोकी मांडली.
एक कंपनीची, चार हजार सहाशे, वर चकचकीत शिक्का.
दुसरी कुठल्याशा दुसऱ्याच नावाची, अठराशे पन्नास,
सहा सेलची, जाड, मागून मशीनला उचलून धरणारी.
तिसरं जुनंच कवच, आत नवे सेल भरलेले, नऊशे.
"गॅरंटी?"
"माझ्या तोंडाची," म्हणाला, आणि स्वतःच हसला.

मी मनात म्हटलं, नवती, पिलबाग, वापसी.
भाव मला लावता येतो, भाऊ.

मग व्होल्ट. दहा पॉइंट आठ आणि अकरा पॉइंट एक
हे चुलतभाऊ, एका ताटात जेवतात, असं तो म्हणाला.
चौदा पॉइंट चार मात्र घरात घ्यायचा नाही.
हे मी बिलाच्या मागे लिहून घेतलं.

"नवाच का घेत नाहीस? हप्त्याने देतात."
मी त्याला एक बटण दाखवलं.
ल आणि ळ एकाच बटणावर, दोन्ही पुसलेले.
केळी, वेळ, पिलबाग, जळगाव,
सगळं तिथूनच गेलंय नऊ वर्षं.
पहिली चार वर्षं ताईच्या बोटाखालून.
ती सुरतला गेली साड्यांच्या हिशेबाला,
मशीन उघडलं की अजून तिलाच म्हणतं,
स्वागत आहे, हेमलता.
यातलं मी सलाबतला काही सांगितलं नाही.
"बोटांना सवय झालीय," एवढंच म्हणालो.

कंपनीचं खोकं उलटं केलं.
बारीक चार आकडे. त्याने भिंग दिलं.
साल आणि आठवडा.
तीन वर्षं झाली होती.
"पण कोरी आहे, सीलसुद्धा तोडलेलं नाही!"

आता हसायची पाळी माझी.
दांड्याचा चीक बघून मी सांगतो
घड आजचा की कालचा.
एकदा कापला की दिवस सुरू होतात,
कोणी खावो न खावो.
खोक्यात, अंधारात, ताडपत्रीखाली,
दिल्लीच्या वाटेवर ड्रायव्हर झोपलेला असताना,
पिकायचं थांबत नाही.
न वापरलेलं म्हणजे ताजं
असं आमच्यात कोणी मानत नाही.

दुसरं खोकं पाच आठवड्यांपूर्वीचं निघालं.
पैसे मोजले. पन्नास सोडले त्याने.
"त्या फुगलेलीचं काय होतं?"
"जळगावला भंगारात जाते," तो म्हणाला,
"तिथून पुढे... मी कधी विचारलं नाही."

पहाटे साडेचार, अडावदची बाग.
ट्रॅक्टरच्या दिव्यात पानांच्या मोठाल्या सावल्या,
मशीन आता मागून उंच,
पाटावर बसल्यासारखं ऐटीत.
कोपऱ्यात आकडा, चार तास दहा मिनिटं.
ते खरं नसणार, मला माहीत आहे,
पहिल्या दिवशी सगळेच जास्त बोलतात.

गुमान पावरा खांद्यावर घड घेऊन वाकून बघतो,
मशीनच्या मागचा फुगवटा.
"हाई कितला दिन चाली?"
मी म्हणतो, पाच आठवड्यांपूर्वी कापलीय.
त्याला पटतं. मान हलवतो,
घड काट्यावर ठेवतो, हाताचा चीक चड्डीला पुसतो.

"लिख. बावीस सातशे."