जीभ चिकटली तर

कुपवाड रोडला, पत्र्याच्या शेडात
पिकअपचं बॉनेट काठीवर टेकवून
दस्तगीर नदाफ आत बघत उभा.
नळ्यांचा नकाशा केव्हाच उडालाय,
राहिलाय नुसता डिंकाचा चौकोन.

"काळा कुठं मारती?"
दंडोबाच्या चढाला.
"आन् ब्रेक?"
दगडागत.

आल्टरनेटरच्या पाठीवरचा पंप
दिवसभर हवा ओढतो, साठवत काही नाही.
त्या काहीच-नाहीवर ब्रेक दबतो,
टर्बोची काडी उचलते.
केसाएवढी चीर गेली
की बाहेरचं सगळं सूं करत आत.

एकेक नळी सोडवून तो तोंडात धरतो,
ओढतो, टोकाला जीभ लावतो.
चिकटली तर शाबूत.
चौथी चिकटत नाही. तो थुंकतो.
"टी फुटलाय. तीस रुपड्यांचा माल,
आन् तू इंजिन खोलायला निघालतास."

पाचवीतून
त्याच्या तळहातावर सायकलच्या बेअरिंगचा छर्रा पडतो.
ईजीआरची नळी. मुद्दाम बुजवलेली.
"ह्ये कुणाचं काम?"

मी हौद्यातले द्राक्षांचे रिकामे क्रेट मोजायला लागतो.
दीडनं ॲव्हरेज वाढलं होतं त्या साली,
चारचौघांत सांगितलंही होतं.

तो छर्रा फडक्याला पुसतो,
माझ्या खिशात टाकतो.
"पोराला दे खेळायला."
बाकी काही बोलत नाही. बोलला असता तर बरं.

दंडोबाचा चढ. तिसरा गिअर.
आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसतो,
एक लुनावाला, त्याच्यामागं कडब्याची गाडी.
पाय ठेवला की ब्रेक लोण्यागत.
खिशात छर्रा किल्लीवर वाजत राहतो.