चिमूटभर राख

मी खालची, बेनीकडची, दमट हवेतली.
आमच्याकडे बटाटा रात्री बाहेर राहिला
तर सकाळी डुकराच्या पोटात असतो.
इथे, कारांगासच्या उंच माळावर,
सासूबाई सबंध पोतं वाळक्या गवतावर पसरतात,
एकेक बटाटा सुटा, शेजारच्याला न टेकता,
आणि आभाळाला सांगतात,
"घे बाबा, आता तुझं तू बघ."

जून महिना. वारा पडला,
चांदण्या लुकलुकायच्या थांबल्या,
की आज गारठा कडक, हा त्यांचा हिशेब.
ढग आला तर निकासियाबाई
ढगाशी भांडतात, आयमारा भाषेत.
मला त्यातला एकच शब्द कळतो
आणि तो लिहिण्यासारखा नाही.

सकाळी बटाटे गोट्यांसारखे टणक.
दुपारच्या उन्हात सैल, घामेजलेले.
मग अनवाणी पायांनी तुडवायचे,
पचक, पचक,
बोटांच्या बेचक्यांतून पाणी वर येतं,
सालं आपसूक सुटतात.
"टाच नको, चवडा वापर.
नवऱ्याची पाठ तुडवतेस असं समज,
मोडायची नाही, नुसती मोकळी करायची."
फाउस्तिनो नेमका तेव्हाच तिथून चालला होता.
त्यानं चाल वाढवली.

असं तीन रात्री, कधी पाच.
मग ऊन खात पडून राहायचं त्यांनी.
शेवटी उरतात काळे, सुरकुतलेले, हलके खडे,
मुठीत घेतले की खुळखुळतात.
चुन्यो म्हणतात त्यांना.
"कोरडे ठेवलेस तर
तुझ्या लेकीच्या लग्नात वाढशील," सासूबाई म्हणाल्या.
तेव्हा मला लेक नव्हती.
तरी मी दोन मुठी वेगळ्या बांधून ठेवल्या.

बाकीचं शिक्षण न विचारता, तुकड्यातुकड्यांनी.
ताज्या बटाट्यांच्या ढिगात मुन्याच्या काड्या खोच,
पुदिन्याची ती रानटी बहीण, किडा जवळ येत नाही.
किन्वा चोळून चोळून धू, फेस थांबेपर्यंत,
पण ते कडू पाणी फेकू नकोस,
लोकरीच्या शाली त्यातच निघतात स्वच्छ.
लामाची लेंडी पुरती वाळल्याशिवाय चुलीत घातलीस
तर चूल रुसेल, आणि डोळे तुझे गळतील.
मूल रडलं की आधी पाय चाचप,
मग पोट, मग देवाचं नाव.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे नव्हती.
घेवडा.
इतक्या उंचावर पाणी उतावळं,
पुरतं तापायच्या आत उकळून मोकळं होतं.
चार तास खदखद, वाफ छपराला,
आणि दाण्याला दात लावावा तर दातच कचरतो.
"इथला घेवडा असाच," त्या म्हणायच्या,
जशा आपण जावयाबद्दल म्हणतो.

एका संध्याकाळी चुलीतली राख काढताना
हात हिसकला.
तोला झुडपाची पांढरी राख, चांगली चिमूटभर,
भिजत घातलेल्या घेवड्यात पडली.
सासूबाई लामा बांधायला गेलेल्या.
फेकावं तर दाणा संपत आलेला.
मी पातेल्यावर ताट झाकलं आणि गप्प झोपले.
सकाळी तीन पाण्यांनी धुतला, चुलीवर चढवला.
दीड तासात
दाणा बोटांत लोण्यासारखा दबला.

त्या जेवल्या. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
पातेल्याचा तळ पाहिला, चुलीकडे पाहिलं,
माझ्या बाहीवरचा पांढरा डाग पाहिला.
बोलल्या काही नाहीत.
पुढच्या आठवड्यात मी पहाटे उठले तर
भिजल्या घेवड्याशी वाकलेली त्यांची पाठ,
आणि चिमूट.

परवा ओरुरोहून त्यांची मावसबहीण आली.
युल्मा माझ्या पाठीला बांधलेली, झोपलेली.
पाहुणीनं घेवडा चाखला, भुवया वर.
"अगं सेवेरिना, त्यात काय," निकासियाबाई म्हणाल्या,
"ही आमच्या घरची जुनी रीत."

जुनी म्हणजे, मी मोजलं,
सात महिन्यांची.
युल्माहून पाच आठवडे मोठी.
मी मान खाली घालून तुडवत राहिले,
पचक, पचक,
टाच न लावता.