पाऊणपट

डब्याचं झाकण उघडलं की आधी पाल पळते,
मग चकती दिसते.
कडेला शहाण्णव दात, एकेक पंधरा मिनिटांचा.
दाबलेला म्हणजे चालू, न दाबलेला म्हणजे बंद.
डावा टायमर बागेच्या दिव्यांचा,
उजवा स्विमिंग पूलच्या फिल्टरचा.
उलव्याची खारी हवा आत शिरू नये म्हणून
मी दर महिन्याला रबराला ग्रीस लावतो.
तरी शिरते.

लाइट गेली की हा थांबतो.
आली की थांबला तिथूनच निघतो,
मधे काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.
शुक्रवारचा मेंटेनन्स, सव्वा तास.
खाडीपलीकडे कुठंतरी केबल जळाली, चाळीस मिनिटं.
आणि पंधरा अशी, मध्यरात्रीनंतरची,
जी कुणाला कळलीच नाहीत, फक्त याला कळली.
एकूण दोन तास दहा.
सगळ्या सोसायटीचा अंधार
याच्याकडे जमा आहे, पैशाचीही सूट न देता.

काल बागेतले दिवे पावणेसातऐवजी
नऊला पाच कमी असताना लागले.
सी विंगच्या कुट्टीबाईंची पायरी चुकली.
सेक्रेटरी देशमाने म्हणाले,
काढा हो हे भंगार, वायफायवाला बसवा,
तो आपली वेळ आपणच लावून घेतो.
मी म्हटलं, बसवू.

आज अकरा चाळीसला चकती फिरवायला बसलो.
ती पुढेच फिरवायची. मागे फिरवलीत तर आतला गिअर जातो,
हे मी दोन टायमर मारून शिकलोय.
साडेनऊवरून बोटानं ढकलत आणली
आणि बोट घसरलं, सव्वाबारा.
आता पस्तीस मिनिटं मागे जायचं
तर अख्खा दिवस पुढे जायला हवं.
गेलो.
दुपार, मग संध्याकाळ,
भर उन्हात बागेतले दिवे लागले,
कुणाला दिसलेही नाहीत,
फक्त रामसुमेरनं टोपी वर करून पाहिलं.
रात्र बोटाखाली टिकटिकत गेली,
दिवे विझले, सकाळ झाली,
आणि पुन्हा अकरा चाळीस.
मला भूक लागली होती कालचीच.

या पूलच्या जागी आमच्या बाचं मिठागर होतं.
सेक्टर नव्हता तेव्हा याला, नंबर नव्हता,
बांध होता आणि बांधात उघाडी.
बाकडं घड्याळ नव्हतं.
भरती कधी, ते तो तिथीवरून सांगायचा:
"आठची पावनपट कवरी? सा.
आष्टमीला सा वाजता पानी भरल.
नवमीला पावनेसात. बस, लिवून ठेव डोक्यान."
मी डोक्यात लिहून ठेवलं
आणि पुढं आयटीआयला गेलो.

आज फिल्टरचे दात दाबताना मोजले.
पाऊण तास म्हणजे तीन दात.
बाचं पाणी रोज
बरोबर तीन दात पुढे सरकायचं.
त्याला कुणी लाइट देत नव्हतं, म्हणून कुणी तोडतही नव्हतं.

आज अष्टमी.
फिल्टरला पहाटे चारची वेळ ठरलेली आहे,
कागदावर, देशमान्यांच्या सहीनं.
मी सहाचा दात दाबला.
क्लोरीनच्या पाण्याला काय कळणार,
पण उद्या सहाला ते हलायला लागेल तेव्हा
खाडीतही पाणी चढत असेल. जवळजवळ.
अष्टमी आजची, दात उद्याचा,
बा असता तर इथंच कान पिळला असता.
हा तर परवाही सहालाच सुरू करेल,
तेरवाही.
त्याला सरकता येत नाही.
रोज इथं येऊन तीन दात सरकवायचे
तर ते माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नाही.

झाकण लावलं. पाल अजून भिंतीवर,
मी जायची वाट बघत.
आत तिची दोन अंडी आहेत, वायरच्या मागे.
वायफायवाला येईल तेव्हा देशमान्यांना सांगेन,
डबा तोच राहू द्या.