वजनांची बेरीज एक

नियोजन भवन, सांगली, दुसरा मजला.
एसीखाली बादली ठेवलेली, ठिबक चालू.
भिंतीवर नऊ कागद डकवलेत, नऊ निकडी:
कृष्णेचा पूर, जतचं पाणी, मिरजेतला दवाखाना,
बेदाण्याचं शीतगृह,
रस्ते (रस्ते असतातच),
आणि सगळ्यात खाली, पंख्यानं फडफडणारा,
एकच टाचणी मिळालेला: क्षारपड जमीन.

मी सांख्यिकी सहायक. माऊस माझ्या हातात,
मत कुणाच्या हातात ते ठरायचंय.

पुण्याचे हर्डीकर सर म्हणाले,
दोन-दोन घ्या समोरासमोर,
कोण मोठं, किती पट, एवढंच सांगा.
आणि लक्षात असू द्या, वजनांची बेरीज एक.
इथं वाढवलं की तिथं घटणार.

'वजन' म्हटल्यावर मागच्या रांगेत खसखस पिकली.
फाइल कशानं हलते, त्या रांगेला पाठ आहे.
मला मात्र अण्णा आठवले,
मार्केट यार्डातले तोलाईदार,
हळदीनं पिवळ्या झालेल्या त्यांच्या भुवया.
काटा थरथरायचा थांबेपर्यंत
ते आकडा बोलायचे नाहीत.
व्यापारी खोकला, तरी नाही.

उमदीहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या
शिवलिंगव्वा बिराजदार उठल्या:
"पूर आन् दुष्काळ समोरासमोर कसं ठिवू सायेब?
तुमचं जास्तीचं पानी
आन् आमचं न आल्यालं पानी,
ते येकच की वं."
सरांनी टिपून घेतलं: निकष परस्परावलंबी.

मग सर म्हणाले, वजनं जराशी हलवून बघू,
क्रम टिकतो का.
"म्हणजे खुंटी पिळून बघायची," इलाही सतारमेकर म्हणाले,
"जी तार लगेच उतरते, ती चढवलीच नव्हती नीट."
रस्ते टिकले. शीतगृह दोनदा घसरलं.

तीन रकाने: यंदा, पस्तीस साल, पन्नास साल.
उद्याला सूट किती धरायची?
दरसाल सहा टक्के, कुणीतरी म्हणालं,
बाजारभावानं.
मी सहा टाकले.
पन्नास सालचं रुपयाभर दुःख
आजच्या कागदावर चार आण्यांचंही भरेना.

जेवणाची वेळ होत आली होती.
सर सहज म्हणाले, शून्य करून बघा.
मी शून्य केलं
आणि तळातली ओळ उठली,
एकेक पायरी, कुणाला धक्का न देता,
पन्नासच्या रकान्यात पहिली जाऊन बसली.

पुराला फोटो असतो. होडी असते, हेलिकॉप्टर असतं.
मिठाला काय असतं?
दुधगावला मामाच्या रानात
ऊस दरसाल वीतभर बुटका होत गेला,
मामा म्हणायचा, बियाणंच हलकं.
पायाला चिकटलेलं पांढरं
आम्ही नळाखाली धुऊन टाकायचो.

कुणी काही बोललं नाही.
बादलीत ठिबक पडत होतं, तेवढंच ऐकू आलं.
काटा थरथरायचा थांबला होता,
आकडा बोलायची वेळ झाली होती,
आणि कुणीतरी खोकलं.

चार वाजता वरून निरोप:
एका पानात बसवा. उभ्या पानात.
तीन रकाने बसत नव्हते.
मी दोन निवडले, उजवी कळ दाबली, लपवा.
छपाईत रस्ते पहिले आले,
ठळक अक्षरांत, छान आले.

पण ज्याला बघायचंय त्याला दिसेल,
जी नंतर एकदम जे लागतो.
लपवलेला रकाना पुसला जात नाही,
आत बसून बेरीज करतच असतो.
मी तेवढंच केलं, की फाइलला कुलूप लावलं नाही.
हे धाडस म्हणायचं की पळवाट,
त्याला कुठलं वजन द्यायचं, माहीत नाही.

सगळे गेल्यावर बघते तर बादली काठोकाठ.
ती कुणी ओतायची, हे नवांत कुठंच नव्हतं.
दोन्ही हातांनी उचलली.
जड होती.