दाराखालची पट्टी

तेवीस नोव्हेंबरला बुडालेला सूर्य
आता जानेवारीत वर येईल.
वार्डोत याचं कुणाला काही वाटत नाही.
दुकानं उघडतात, खेकड्यांच्या कारखान्याचा भोंगा होतो,
पोरं कपाळाला दिवे बांधून शाळेत जातात.

गोंधळला फक्त ओशिल्डचा कॉम्प्युटर.

डॉक्टर म्हणाले होते,
रात्री पडद्याचा निळा उजेड कमी करा, झोप लागेल.
पुतण्यानं एक प्रोग्रॅम घालून दिला.
तो आधी विचारतो, तुमचं गाव कोणतं,
आणि तिथला सूर्य मावळला की
पडदा हळूहळू तांबूस करत नेतो,
दलदलीत पिकलेल्या मुल्टेच्या मुरंब्याइतका.

इथे तर सूर्य मावळूनच बसलेला.
सकाळी नवाला ती कारखान्याचे हिशेब उघडायची
तर आकडे तांबूस.
दुपारी बाराला खिडकीबाहेर बर्फ निळाशार
आणि आत पडदा तांबूस, सगळं उलटं.
नफा आणि तोटा एकाच रंगात.
"दोन महिने झोपून राहा म्हणतंय हे मला,"
ती म्हणाली.
मी हसलो. ती नाही हसली.

मग तिनं त्याला खोटं सांगितलं.
गाव: पुएर्तो मोंत. देश: चिली.

हेच गाव का, मी विचारलं नाही.
तिथे खाडीत सामन माशांचे पिंजरे आहेत,
आणि त्या पिंजऱ्यांवर कामाला आमची इंगेरिड.
होडी मी विकली तेव्हा तिला विचारलं नव्हतं.
ओशिल्ड माझ्या बाजूनं बोलली, एकच वाक्य,
पण ते पुरलं.
आता नाताळाला चार ओळी येतात.
चारही ओळींत हवामान.

त्या हिवाळ्यात मी अंथरुणात पडून
दाराखालची उजेडाची पट्टी बघत राहायचो.
अकरा वाजता निळी. बाराला निळी.
ताज्या कॉडच्या पोटासारखी थंड.
डॉक्टरांचं सगळं पाण्यात.
दीड वाजायला आला की
पट्टी कडेकडेनं पिकायला लागायची,
आणि मला कळायचं,
तिकडे पोरगी हातमोजे काढत असेल.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज,
नळ,
आणि माझ्या पोटऱ्यांना लागलेली दोन गार पावलं.
आम्ही यावर कधी बोललो नाही.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात
कॉम्प्युटरनं स्वतःला नवीन करून घेतलं
आणि खरं गाव शोधून काढलं.
भर सकाळी पडदा तांबूस.
ओशिल्डनं झाकण मिटलं, कोट चढवला
आणि बटाटे आणायला गेली.
बटाटे घरात होते.

मी इंजिनं खोलणारा माणूस.
माझी बोटं त्या कळांना जाड पडतात.
चष्मा लावून एकेक अक्षर शोधलं:
पु. ए. र्तो.
खाली गावांची लांब रांग उघडली.
जिन्यावर तिची पावलं वाजली,
घाईत एकावर बोट दाबलं
आणि चुलीपाशी जाऊन उभा राहिलो, उगाच.

त्या रात्री दीड वाजला. पट्टी निळी.
पावणेदोन. निळी.
काहीतरी बिघडवून ठेवलंस बाबा, मी स्वतःला म्हटलं.
सव्वादोनला ती पिकायला लागली.
ओशिल्ड येऊन आडवी झाली.
बराच वेळ छताकडे बघत होती.
"आज फार वेळ उजेड होता तिकडे."
"उन्हाळा आहे," मी म्हणालो.
"हो. उन्हाळा आहे."

सकाळी चोरून बघितलं.
माझं बोट एक ओळ खाली पडलं होतं:
पुएर्तो नातालेस.
तेही चिलीतच, पण हजारभर किलोमीटर दक्षिणेला.
तिथे आमचं कुणीच नाही.

तिनं वाचलं असणार.
कारखान्याच्या वह्यांत
एका क्रोनरची चूक तिच्या नजरेतून सुटत नाही.
ही तिनं राहू दिली.

आता सव्वादोनपर्यंत जागावं लागतं.
दोघांना.